उमेबोशी, आंबोशी

पवईला एकोणिसाव्या मजल्यावर
सकाळी सव्वासहाला मी भात वळते.
हात आधी मिठाच्या पाण्यात बुडवायचे,
गरम भात तळव्यावर, मध्ये बोटाने खळगा,
खळग्यात एक लाल, सुरकुतलेली उमेबोशी.
मग दाबायचं. फार नाही.
मोरियामा बाई खुणेने सांगतात,
भाताला कळता कामा नये, कुणी धरलंय म्हणून.

त्रिकोण यायला तीन आठवडे लागले.
पहिल्या दिवशी हातांनी गोलच केला
आणि हात तिथेच थांबले.
वर लावायला काळे तीळ होते, काचेच्या बरणीत.

गेल्या वर्षी, दहाव्याला,
बाणगंगेच्या पायरीवर माझ्या मुलाने असेच गोळे मांडले.
कावळा शिवेना.
दीर म्हणाले, बोला वहिनी, काय राहिलंय त्यांचं?
मुलगा बोलला. आईला सांभाळीन, रूमचे हप्ते फेडीन,
ताईच्या लग्नात कमी पडू देणार नाही.
कावळे देवळाच्या कठड्यावर बसून ऐकत होते.
ऊन पाठीवर आलं.
शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला.

हे बाईंना कुठल्या भाषेत सांगणार?
तिचं हिंदी पंचवीस शब्दांचं,
माझं जपानी म्हणजे सगळं भांड्यांचं.
म्हटलं, त्रिकोणच शिकू. त्रिकोणाला कुणी पिंड म्हणत नाही.

बाकीचं सोपं होतं.
ताकोयाकीचा बिडाचा तवा बघून मी हसलेच:
अहो, हे आप्पेपात्र!
उलटायची काडीसुद्धा तीच,
फक्त पोटात नारळाऐवजी अष्टपादाचा तुकडा.
एदामामे म्हणजे सोयाच्या कोवळ्या शेंगा,
माहेरी तुरीच्या उकडायचो तशा,
दातांनी ओढायच्या, सालांचा ढीग करायचा.
सेम्बेई बाई रुमालात बांधून देतात.
विक्रोळीला माझी लेक म्हणते,
ही आपली सालपापडीच, आई, पण रागावलेली.

चिहारू सात वर्षांची. मला रातिका-सान म्हणते,
ल तिच्या जिभेवर बसत नाही.
तिच्या गावी दुकानात ओनिगिरी प्लास्टिकमध्ये मिळते,
एक ओढ, दोन ओढ, तीन ओढ, की उघडली,
आत ट्यूना आणि मेयोनीज.
ती हवेत ओढून दाखवते. मग माझी खाते,
तोंड जरा वाकडं करून.

एकदा घाईत मी वाटीभर भातात
चॉपस्टिक उभ्या खोचून ठेवल्या.
बाई धावत आल्या. झटकन उपटल्या.
चेहरा पांढरा. म्हणाल्या, मरा हुआ आदमी.
मग हात जोडून, डोळे मिटून दाखवलं:
मेलेल्यासमोर असा भात ठेवतात.
मी माझी छाती दाखवली, म्हटलं, मेरा आदमी, राउंड.
हातांनी गोल करून दाखवला.
तिला कितपत कळलं, माहीत नाही.
दोघींनी मिळून तो भात टाकला
आणि नवा लावला.

श्रावणात पार्सल कस्टममध्ये अडकलं. उमेबोशी संपली.
मी घरून आंबोशी आणली,
देवगडच्या जावेने वाळवलेली, खारट, चामड्यासारखी.
रात्रभर भिजवली, बारीक केली, खळग्यात भरली.
ह्यांना आंबोशीची आमटी लागायची,
दुसरं काही केलं की ताट सरकवायचे.
हे मला तेव्हा, पायरीवर, आठवलंच नव्हतं.

चिहारूने दोन खाल्ल्या. तोंड वाकडं केलं नाही.
तिसरी गॅलरीच्या कठड्यावर ठेवून दप्तर आणायला गेली.

कावळा आला. एकोणिसाव्या मजल्यावर,
इथे एरवी घारी असतात.
मला बघितलं, मान तिरकी केली, भात उचलला.
नोरीची काळी पट्टी तेवढी कठड्यावर राहिली,
वाऱ्याने उडेना, ओली होती.

रातिका-सान, चिहारू ओरडली, चोर!
हो, म्हटलं.
आणि दुसऱ्या डब्यासाठी
परत हात मिठाच्या पाण्यात घातले.
यावेळी गोलच झाली. तशीच दिली.